ब्लॉग लिहून पैसे मिळतात का? ज्यांना मिळाले आणि ज्यांचे गेले, दोघांनीही लिहा

निवांत_नारायणपेठ:
मंडळी, भोसरीच्या कंपनीतून व्हीआरएस घेऊन आठ महिने झाले. परवा भाच्याने एका फ्री सेमिनारला नेलं, जंगली महाराज रस्त्यावरच्या एका हॉटेलचा हॉल, चहा आणि एकच बिस्किट, दुसरं मागितलं तर पोरगा डबा घेऊन पुढे गेला. सूट घातलेला एक मुलगा, माझ्या मुलापेक्षा लहान असेल, दोन तास सांगत होता की ब्लॉग काढा आणि झोपेत पैसे कमवा. पडद्यावर डॉलरचे स्क्रीनशॉट. शेवटी कळलं की कोर्स आहे, २४,९९९ रुपये, आजच भरले तर १९,९९९. मी भरले नाहीत, त्याचं खरं कारण म्हणजे कार्ड घरी राहिलं होतं. बायको म्हणाली आता राहिलंच आहे तर भरायच्या आधी चार लोकांना विचारा. तर विचारतोय. मला मिक्सर, पंखा, इस्त्री घरी उघडून दुरुस्त करता येतात, त्यावर लिहीन म्हणतो. ज्यांनी ब्लॉगवर पैसे पाहिलेत त्यांनी खरे आकडे सांगा, किती दिवसांनी आले, कुठे ठेच लागली. मेहनत करा फळ मिळेल असले प्रतिसाद नकोत, ते रोज सकाळी सूर्योदयाच्या फोटोसकट येतात.

भाजणी_कर्वेनगर:
काका, कार्ड घरी राहिलं ते देवाने ठेवलं असं समजा.
माझा पाककृतींचा ब्लॉग २०११ पासून आहे, ब्लॉगस्पॉटवरच, फुकटचा. तेव्हा मराठी मजकुराला अ‍ॅडसेन्स नव्हतंच, म्हणजे गुगलच्या जाहिराती लावायच्या तर इंग्रजी किंवा त्यांच्या यादीतली भाषा हवी, आणि मराठी त्या यादीत नव्हती. त्यामुळे पहिली काही वर्षं एक पैसा नाही. नंतर मराठीला मान्यता मिळाली तेव्हा लावल्या. पैसे हातात येतात ते १०० डॉलर जमले की, त्याच्या आत ते नुसते तिथे दिसत राहतात. मला पहिले १०० जमायला चौदा महिने लागले. चौदा! आणि त्यातले निम्मे दोन गणपतींत आले, कारण चतुर्थीच्या आधीचे चार दिवस आख्खा महाराष्ट्र उकडीचे मोदक शोधत असतो, बाकी वर्षभर कोण येतं मोदकाला.
१० डॉलर झाले की ते पत्ता तपासायला पोस्टाने पिन पाठवतात, कागदी पत्र, त्यातला नंबर अकाउंटमध्ये टाकायचा. मी पत्ता दिला सासऱ्यांच्या वाड्याचा, जिथे आम्ही तेव्हा राहतही नव्हतो, आणि त्या वाड्यात सात बिऱ्हाडांना मिळून जिन्याखाली एकच पेटी. दोनदा पत्र मागवलं, दोन्ही वेळा गायब. चार महिन्यांत पिन नाही टाकला तर जाहिराती बंद होतात. शेवटी वरच्या मजल्यावरच्या आजींनी ते दळणाच्या डब्याखाली सरकवलेलं सापडलं, डबा डुगडुगत होता म्हणे.
मग पैसे आले तर बँकेतून फोन. काउंटरवरची बाई म्हणाली, सिंगापूरहून पैसे आलेत, तिकडे कोण आहे तुमचं? मी म्हटलं कुणी नाही हो, मोदकाचे आहेत. ती दोन मिनिटं माझ्याकडे बघत होती. मग एक फॉर्म दिला, पर्पज कोड लिहायचा, म्हणजे परदेशातून पैसे कशाबद्दल आले ते. तो एकदा दिला की पुढच्या वेळी त्रास नाही.
सगळ्यात राग कशाचा येतो सांगू, चोरीचा. माझी ‘चकली का हसते’ ही पोस्ट, म्हणजे तळताना तेलात विरघळून चकली फुटते ते का, मोहन जास्त झालं की होतं, भाजणी कमी भाजली की काय होतं, पीठ किती वेळ मळायचं, हे मी तीन दिवाळ्या वह्या भरून लिहिलेलं. तीच्या तीच, माझ्या ‘पीठ कानाच्या पाळीसारखं मऊ’ या वाक्यासकट, आमच्या ह्यांनाच ऑफिसच्या ग्रुपवर आली, खाली भलत्याच कुणाचं तरी नाव, आणि ह्यांनी मलाच पाठवली, बघ किती छान लिहिलंय म्हणून.

मुक्तछंद:
कविता. तीन वर्षं. एकूण ४ डॉलर ११ सेंट. पिन नावाची गोष्ट असते हे आत्ता वरच्या प्रतिसादात कळलं.

अभ्यासिका_तिसरा_मजला:
मी सदाशिव पेठेत राहतो, एमपीएससी करतो म्हणजे करत होतो. सरकारी जाहिरातींचा ब्लॉग काढला होता, कुठल्या खात्यात किती जागा, शेवटची तारीख, वयाची अट, पीडीएफची लिंक. आम्हाला तसंही रोज हे बघायचंच असायचं, एकाने बघायचं आणि बाकीच्यांनी विचारायचं, मग म्हटलं लिहूनच ठेवू. गर्दी विचारू नका, तलाठी भरतीची बातमी आली त्या दिवशी एका दिवसात बावीस हजार लोक, मी जेवायला मेसला गेलो नाही फोनच बघत बसलो. पण बावीस हजार लोकांचे जाहिरातींचे पैसे किती माहितीय का, पावणेचार डॉलर. कारण बेकार पोरांना जाहिरात दाखवून कोण काय विकणार, जाहिरातवालाच पैसे देत नाही, ज्याच्या खिशात पैसे आहेत असा वाचक हवा त्यांना. हे मला लिहायला लागल्यावर दीड वर्षाने कळलं.
आता ठेच. ८७ डॉलर झाले होते, १०० ला तेरा कमी आणि महिनाअखेर, मेसचे पैसे थकलेले. मी अभ्यासिकेतल्या मित्रांना म्हटलं जरा जाहिरातींवर क्लिक करा रे. माझी चूक, कबूल. दहा बारा जणांनी एकाच वायफायवरून दोन दिवस दणादण क्लिक केलं, एकाने तर तासाला अलार्म लावलेला. तिसऱ्या दिवशी मेल आला, इनव्हॅलिड अ‍ॅक्टिव्हिटी, अकाउंट बंद. ८७ डॉलर गेले, ते जाहिरातदारांना परत देतात. अपील केलं, लिहायचं काय त्यात, खरं तर आम्ही केलंच होतं. काका, घरच्यांना लिंक पाठवाल ना तेव्हा वाचा म्हणा, क्लिक करा असं चुकूनही म्हणू नका, आत्याबाई प्रेमाने करतात आणि आपण संपतो.

हिंजवडी_फेज२:
माझा ट्रेकचा ब्लॉग आहे, इंग्रजीतून, मुद्दाम. इथे काही लोकांना आवडणार नाही पण विषय पैशाचा चाललाय म्हणून सांगतो, त्याच हजार वाचकांमागे मला मराठीत जेवढे मिळत होते त्याच्या पाचपट इंग्रजीत मिळाले, कारण निम्मे वाचणारे बाहेर बसलेले पुणेकर, सुट्टीला येणार आणि राजगडला जाणार. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेची एक पोस्ट, त्यात कुठल्या टप्प्यावर दोर लागतो, पाणी किती न्यायचं, पावसाळ्यात का जाऊ नये, ती एकटी निम्मा ब्लॉग पोसत होती.
दुसरा मार्ग अफिलिएट. बूट, हेडटॉर्च, सॅक यांची लिंक द्यायची, त्यावरून कुणी घेतलं की कमिशन. अ‍ॅमेझॉनवाल्यांचं असं आहे की नाव नोंदवल्यापासून १८० दिवसांत तीन विक्र्या नाही झाल्या तर अकाउंट बंद, मग परत अर्ज. माझी गंमत अशी की लोक बुटाच्या लिंकवरून आत जायचे आणि प्रेशर कुकर घ्यायचे, त्याचंही कमिशन मिळायचं. माझ्या ट्रेकिंग ब्लॉगवर सगळ्यात जास्त काय खपलं तर डायपर.
खर्च बघा आता. स्वतःचं डोमेन, म्हणजे ब्लॉगचा नेटवरचा पत्ता, मला तेव्हा वर्षाला हजाराच्या आत पडलं. होस्टिंग, म्हणजे ब्लॉग ठेवायची भाड्याची जागा, पहिल्या वर्षी अगदी स्वस्त, चहाच्या पैशात असं दाखवतात, आणि दुसऱ्या वर्षी रिन्यूअलला माझं बिल जवळजवळ चौपट आलं. दर खाली बारीक अक्षरात लिहिलेला होता, मीच वाचला नाही. आणि नोकरी करणाऱ्यांनो, हे पैसे धंद्याच्या उत्पन्नात धरतात, नेहमीचा सोपा आयकराचा फॉर्म, आयटीआर १, चालत नाही. मी दोन वर्षं इतर उत्पन्नात टाकून मोकळा होत होतो, तिसऱ्या वर्षी सीएने खडसावलं.
२०२२ मध्ये चांगल्या महिन्यात १८ हजारपर्यंत गेलं होतं. आता दोन अडीच. २०२३ च्या शेवटापासून सर्चमधून येणारे लोक उतरायला लागले, आणि नंतर तर सर्चमध्ये वरच एआयचं तयार उत्तर यायला लागलं, माझ्याच पोस्टमधला दोर आणि पाणी वर लिहिलेलं असतं, मग खाली माझ्याकडे कोण येतो. त्या सूटवाल्या मुलाचे स्क्रीनशॉट कुठल्या वर्षीचे होते तेवढं बघा काका.

ठेच_लागलेला:
काका मी तो कोर्स केलाय. तोच असेल असं नाही पण तसाच, लॉकडाउनमध्ये, १५ हजार भरून. आत काय होतं तर रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आणि एक टेलिग्राम ग्रुप. पहिला धडा, डोमेन आणि होस्टिंग कसं घ्यायचं, ‘माझ्याच लिंकवरून घ्या, डिस्काउंट आहे’. आम्ही साठ जणांनी घेतलं. नंतर डोक्यात प्रकाश पडला की ती अफिलिएट लिंक होती, प्रत्येकामागे त्याला कमिशन. म्हणजे पडद्यावरचे डॉलर खोटे नव्हतेच हो, ते आमचेच होते.

गच्चीवरची_बाग:
सहकारनगरला घर, गच्चीवर शंभरेक कुंड्या, तीन वर्षं लिहितेय मराठीतून. जाहिराती लावल्याच नाहीत, मला ते झगमग आवडत नाही. मला आले ते कंपन्यांकडून, आधी फुकट कोकोपीट आणि कडुनिंबाची पेंड, मग पैसे. एका पोस्टचे पहिल्यांदा दीड हजार मिळाले. दोन गोष्टी. पैसे किंवा वस्तू घेऊन लिहिलं तर तसं स्पष्ट लिहायचं, ‘जाहिरात’ असं, २०२१ पासून अ‍ॅस्कीचे, म्हणजे जाहिरातवाल्यांच्याच संस्थेचे, नियमच आहेत तसे. दुसरं म्हणजे फुकटातल्या वस्तूही उत्पन्नच. एकाच कंपनीने वर्षात २० हजारांच्या वर वस्तू दिल्या तर त्यावर १० टक्के टीडीएस, जुलै २०२२ पासून. मला एकीने ठिबकचा आख्खा सेट देऊ केला तेव्हा हे समजलं.
एकदा मात्र मी एका खताबद्दल खरं लिहिलं, की माझी मिरची त्याने करपली. पैसे परत मागितले त्यांनी. दिले परत. मिरचीची पोस्ट अजून आहे.
आणि काका, मिक्सर दुरुस्तीवर जरूर लिहा, पण मराठीत लिहिणार असाल तर भांड्याखालचं ते प्लास्टिकचं चाक, ज्याला आम्ही सगळे ‘ते खालचं फूल’ म्हणतो, ते तसंच लिहा. लोक तेच शोधतात. कपलर कोण शोधतो.

निवांत_नारायणपेठ:
सगळ्यांचे आभार. सेमिनारवाल्याचा काल परत फोन आला, आता १४,९९९. मी विचारलं तुमचे ते स्क्रीनशॉट कुठल्या वर्षीचे, तर म्हणाला सर तुमचा आवाज तुटतोय. बुधवार पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो होतो, खरंच तीन गिऱ्हाईकं ‘खालचं फूल’ म्हणूनच मागत होती. फुकटवाल्या ब्लॉगवरच सुरू करतो. फोटो काढताना हाताला ग्रीस असतं तर फोन कसा धरायचा हे कुणी सांगा.

हिंजवडी_फेज२:
दुसऱ्याला धरायला सांगा, भाच्याला. सेमिनारला त्यानेच नेलं होतं ना.

मगरपट्टा_नाइटशिफ्ट:
भाजणी ताई, पैशाचं सोडा, तुमची चकलीची पोस्ट वाचली आत्ता. ते भाजणं-बिजणं आमच्याच्याने होणार नाही. तयार भाजणी देता का?

भाजणी_कर्वेनगर:
देते की. ब्लॉगवरच सगळे विचारायला लागले म्हणून चार वर्षांपासून करते, दिवाळीच्या आधी चाळीस पन्नास किलो जाते, गिरणीवाला आता मला बघूनच चक्की पुसायला घेतो. जाहिरातींचे वर्षाचे होतात ना, ते इथे एका आठवड्यात होतात.

मगरपट्टा_नाइटशिफ्ट:
मग दोन किलो धरा. हडपसरला पोचवता का?

भाजणी_कर्वेनगर:
छे हो, आम्ही नदी ओलांडत नाही. नळ स्टॉपला या, शनिवारी, अकराच्या आत. एकनंतर झोपते मी.