जागर की यागर? आणि हा माणूस पन्नाशीत आईस हॉकी कसा खेळला?

चकलीवाला_पिट्सबर्ग:
मंडळी, गेल्या वर्षी इकडे आलो, क्रिकेट सोडून कुठल्याच खेळातलं काही कळत नाही. परवा ऑफिसातला एकजण पेंग्विन्सची (इथली आईस हॉकी टीम) मॅच बघायला घेऊन गेला. वर छताला ६६ आणि ६८ नंबर लटकवलेत, ६६ म्हणजे इथला दिग्गज खेळाडू लेमिऊ हे ऐकून माहीत होतं, ६८ खाली जागर असं नाव दिसलं म्हणून मी हसलो तर शेजारचे आजोबा चिडलेच. म्हणे हा फॉरवर्ड (पुढे राहून गोल मारणारा) पन्नाशी उलटल्यावरही तिकडे त्याच्या गावी खेळत होता. हे खरंय का? कारण मी बघत होतो तर फॉरवर्ड लोक मिनिटभरसुद्धा बर्फावर टिकत नव्हते, लगेच बाहेर. एवढे दमतात तर तीस-पस्तीस वर्षं कसं काय?

बर्फाळ_बंड्या:
आधी उच्चार, तो यागर. यारोमिर यागर, चेकमध्ये जेचा य होतो.

बाहेर जातात ते दमून नाही, दमायच्या आत जातात. एका वेळी बर्फावर तीन फॉरवर्ड, दोन डिफेन्समन आणि गोलकीपर, फॉरवर्डच्या अशा चार फळ्या असतात आणि एक शिफ्ट साधारण ४०-५० सेकंदांची, तेवढ्यात जीव खाऊन पळायचं आणि खेळ चालू असतानाच कठड्यावरून उडी मारून बदली व्हायचं. त्यामुळे साठ मिनिटांच्या मॅचमध्ये चांगला फॉरवर्ड साधारण वीसेक मिनिटंच खेळतो.

आणि हो, खरंय. जन्म १९७२, गाव क्लाड्नो, प्राग जवळ. १९९० ला एनएचएलच्या (इकडची मोठी हॉकी लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, पेंग्विन्सनी पाचवा उचलला. त्याच्या आधीच्या बऱ्याच चेक-स्लोव्हाक खेळाडूंना देशातून पळून यावं लागायचं, १९८९ ला तिकडची राजवट पडली म्हणून हा राजरोस आला. १८ वर्षांचं पोरगं, इंग्रजी येईना, घरची आठवण, शेवटी टीमने यिरी हर्दिना नावाचा चेक खेळाडू दुसऱ्या टीमकडून ट्रेड करून (अदलाबदलीत) आणला, सोबत म्हणून! १९९१ आणि १९९२ लागोपाठ स्टॅनली कप, म्हणजे लीगचं अजिंक्यपद. ९२ च्या फायनलची पहिली मॅच यूट्यूबवर बघाच, शिकागो ४-१ पुढे होते आणि याने एकट्याने तीन-चार जणांना चकवत बरोबरीचा गोल मारला, मग शेवटच्या १३ सेकंदांत लेमिऊने जिंकवून दिली.

६८ नंबर पण साधा नाही हं. १९६८ ला सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले ते वर्ष, आणि त्याचे आजोबा, जे सरकारला शेत द्यायला नाही म्हणाले म्हणून तुरुंगात गेले होते, ते त्याच वर्षी वारले. तेव्हा तुझ्या शेजारचे आजोबा चिडले तर चूक नाही त्यांची.

खवचट_काका:
एवढी आरती नको. २००१ ला हा वॉशिंग्टनच्या टीमकडे गेला, त्यांनी सात वर्षांसाठी ७७ मिलियन डॉलरचा करार दिला आणि हा तिथे पाट्या टाकत होता असंच सगळे म्हणायचे. शेवटी २००४ ला न्यूयॉर्कला ट्रेड करून टाकला. आणि सगळ्यात थोर मानतात त्या ग्रेट्झकीशी तर तुलनाच नको, यागरचे एकूण पॉइंट (गोल अधिक असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास) १९२१, ग्रेट्झकीचे नुसते असिस्टच १९६३.

बर्फाळ_बंड्या:
काका वॉशिंग्टनचं मान्य. पण न्यूयॉर्कला गेल्यावर २००५-०६ ला ५४ गोल, १२३ पॉइंट हे पण सांगा ना. आणि २००८ ते २०११ तीन वर्षं रशियात ओम्स्कला खेळला, शिवाय इकडे एनएचएलच बंद पडली त्यात २००४-०५ चा अख्खा सीझन आणि इतर दोन अर्धे गेले. तरी एकूण पॉइंटमध्ये दुसरा नंबर. ग्रेट्झकीला नसता गाठला, पण १९२१ वर नक्कीच थांबला नसता.

मुलुंडची_मीनल:
नवरा कॅनडातल्या कॅलगरीचा म्हणून घरात रोज हेच ऐकते, तर माझे दोन आणे. टिकला कारण त्याने खेळ बदलला. तरुणपणी वेग होता, चाळिशीनंतर वेग गेला तर तो कोपऱ्यात जायचा, बोर्डाकडे (कठड्याकडे) तोंड, डिफेन्समनकडे पाठ, बूड मागे रेटून (शब्दाबद्दल सॉरी, पण तेच त्याचं शस्त्र होतं!) आणि पक (रबरी चकती, यांचा बॉल) पुढे हातभर लांब स्टिकवर. सहा फूट तीन इंच धिप्पाड माणूस, मागून पोरं ढकलतायत, टोचतायत, पण तो पक काही सोडायचा नाही, तेवढ्यात आपला कोणीतरी मोकळा होतो आणि पास. चव्वेचाळिसाव्या वर्षी फ्लोरिडाकडून खेळताना ६६ पॉइंट त्या जिवावर.

आणि रात्री मॅच संपल्यावर वजनाचं जॅकेट घालून एकटाच रिंकवर सराव. म्हणून म्हणते, जागरच बरोबर आहे 😄

शेवटी क्लाड्नोला खेळायचा त्याचं कारण वेगळं, तो क्लबच त्याचा होता. तो बर्फावर असला की तिकिटं खपायची आणि स्पॉन्सर टिकायचे. आधी वडील बघायचे, म्हणजे वडिलोपार्जित दुकान समजा, मालक स्वतः गल्ल्यावर बसतो तसं.

चकलीवाला_पिट्सबर्ग:
अरे बापरे, मी तर पूर्ण वेळ पकच्या मागे डोळे फिरवत होतो आणि कोपऱ्यात काय चाललंय ते बघितलंच नाही. पुढच्या वेळी वरचं तिकीट नको, काचेला लागून कोपऱ्यातलं मिळतं का बघतो. मीनलताई, ते साधारण केवढ्याला पडतं?

मुलुंडची_मीनल:
नवऱ्याला विचारून सांगते, पण किडनी तयार ठेवा.