मदत हवी आहे: लहान .२२ रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या खाली-डावीकडे का जातात?

निपाणीकर: नमस्कार मंडळी. लायसन्सचं .२२ रिव्हॉल्व्हर आहे, लहान चणीचं, नळी दोन इंची. रेंजवर १० मीटरवरून मारतो. घोडा आधी मागं ओढून ठेवला तर गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसतात. नुसता चाप ओढून मारलं की सगळ्या खाली-डावीकडे, कागदभर पसारा. मी उजवा. शिवाय मधूनच एखादं काडतूस फुटत नाही, नुसतं टिक होतं. तेच फिरून घोड्याखाली आलं की बहुतेकदा फुटतं. एकजण म्हणतोय, स्प्रिंग कापून चाप हलका करून देतो. करू का? नाहीतर कोल्हापूरला जाऊन शिकावं म्हणतोय. नेमबाज राही सरनोबतचं कोल्हापूर जवळच की, पण तिचं स्पोर्ट पिस्तूल कुठं आणि माझं हे कुठं!

फौजी_खानापूर: स्प्रिंगला हात लावू देऊ नका. .२२ मध्ये पेटणारा मसाला बुडाच्या कडेत असतो, ती कड चेंगरायला घोड्याचा मार जोरात लागतो. चाप जड आहे तो त्यासाठीच. हलका केलात तर टिक-टिकच ऐकत बसाल. दुसऱ्या फटक्याला फुटतंय म्हणजे काडतूस पुरतं आत बसलेलं नसतं. पहिला मार त्याला आत ढकलण्यातच जातो. सिलिंडरची, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या नळकांड्याची, भोकं ब्रशनं घासा, मेण आणि काजळी साचलेली असणार. आणि टिक झालं की लगेच पुढचा चाप ओढू नका हो. नळी टार्गेटकडेच धरून निदान ३० सेकंद थांबा. उशिरा फुटलं आणि तोवर सिलिंडर फिरलेला असला, तर गोळीला बाहेर पडायला नळीच समोर नाही.

चिकोडीवाला: कोल्हापूरला नेण्याआधी लायसन्सवर कुठवर चालतं ते बघा. नुसतं कर्नाटक लिहिलं असेल तर कोगनोळीची राज्यसीमा ओलांडू नका.

आता नेमाचं. नळीवरची नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांत १०० मिमी अंतर धरा. माशी खाचेत १ मिमी सरकली की १० मीटरवर गोळी १० सेंमी हुकते. लांब पिस्तुलात हीच चूक निम्म्यावर येते. तुमचं मात्र खाली-डावीकडे ठरलेलं आहे, म्हणजे चाप ओढताना बाकीची बोटंही आवळली जातायत. लहान मुठीत करंगळीला जागाच नसते, रबरी मोठी मूठ बसवा. चाप एका दमात, सारख्या जोरानं मागं आणा. अर्ध्यावर थांबून नेम धरू नका. खात्री करायची तर दोन-तीन भोकांत फुटलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घाला, बाकीच्यांत काडतुसं, न बघता सिलिंडर फिरवून बंद करा आणि मारा. पुंगळी आली आणि तरी नळी खाली झुकली, तर दोष हातात.

निपाणीकर: पण .२२ रिकामं चालवू नये म्हणतात ना? काडतुसावर आपटणारी पिन मोडेल?

फौजी_खानापूर: भोक रिकामं ठेवून नको, पिन सिलिंडरच्या कडेवर आपटते. पुंगळी असेल तर ती मार झेलते, फक्त पुंगळीच्या कडेला पिनेनं आधी पडलेला खळगा पुन्हा पिनेखाली येऊ देऊ नका. दरवेळी थोडी फिरवून घाला, कडेला सगळीकडं खळगे पडले की टाकून द्या.