कूपर्स हिलला आईबाबांसाठी फ्लॅट घ्यावा का?

रीडिंगकर: आईबाबा कित्येक वर्षं इकडे इंग्लंडमध्येच आहेत, आता जिने झेपत नाहीत. एगमजवळ कूपर्स हिलला जुन्या मॅन्शनचं रिटायरमेंट व्हिलेज केलंय, तिथे बघतोय. १८७२ ते १९०६ तिथे रॉयल इंडियन इंजिनिअरिंग कॉलेज होतं, आपल्याकडच्या पीडब्ल्यूडीचे इंजिनिअर तिथे तयार व्हायचे, बाबा स्वतः सिव्हिलवाले त्यामुळे ते तर ऐकूनच खूश! कोणाला अनुभव?

वैशाली_हॅरो: जागा छानच आहे पण घाई नको हं. अशी घरं बहुतेक लीजहोल्ड, म्हणजे ठराविक वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतात, सर्व्हिस चार्ज फ्लॅट रिकामा असला तरी चालूच राहतो आणि विकताना बऱ्याच ठिकाणी डिफर्ड मॅनेजमेंट फी म्हणून किमतीतले काही टक्के कापतात, ते टक्के लेखी मागा आणि आपला स्वतःचा सॉलिसिटर लावा, त्यांनी सुचवलेला नको.

नंदू: +१. शिवाय लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून जपलेल्या बिल्डिंगमध्ये साधी खिडकी बदलायची तरी कन्सेंट लागू शकते, उंच छताच्या खोल्या तापायलाही वेळ लागतो. आवारातल्या नवीन ब्लॉकमधला घ्या, माझ्या मावशीने दुसरीकडे तसाच घेतला, लिफ्ट दाराशी, शॉवरला उंबरठा नाही, आणि गप्पा मारायला मॅन्शनचा हॉल आहेच.

रीडिंगकर: थँक्स दोघांना. फीचं उद्याच विचारतो.