टेट्रालॉजीची शस्त्रक्रिया झालेल्या मातेचे सिझेरियन : भूल कोणती द्यावी?

प्रश्न (राधानगरीहून) :
माझ्या जावेवर लहानपणी ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’साठी (हृदयाच्या पडद्यात छिद्र असलेले जन्मजात व्यंग) शस्त्रक्रिया झाली आहे. आता तिला बत्तिसावा आठवडा चालू आहे आणि वार गर्भपिशवीच्या तोंडाशी असल्याने सिझेरियनच करावे लागेल, असे डॉक्टर म्हणतात. पूर्ण भूल सुरक्षित की पाठीतून दिलेली, यावर घरात मतभेद आहेत. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (भूलतज्ज्ञ, कोल्हापूर) :
ताई, व्यंगाच्या नावापेक्षा आज हृदय कसे चालते, यावर भूल ठरते. फुप्फुसाकडे जाणारी झडप किती गळते, उजवा कप्पा फुगला आहे का आणि छिद्र पूर्ण बुजले आहे का, हे ताज्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पाहिल्याशिवाय कोणीही छातीठोक उत्तर देऊ नये. हे सारे समाधानकारक असेल, तर पाठीतली भूल बहुधा उत्तम ठरते. मात्र सगळी मात्रा एकदम दिल्यास रक्तदाब झपाट्याने उतरतो, म्हणून पाठीत बारीक नळी ठेवून औषध थोडे थोडे चढवणे मला अधिक योग्य वाटते. छिद्र उरले असेल आणि रक्तदाब उतरला, तर अशुद्ध रक्त फुप्फुसांना वगळून थेट शरीरात जाऊ शकते. तेव्हा सलाइनमधला हवेचा बुडबुडाही मेंदूपर्यंत पोहोचण्याची भीती असते; त्यामुळे नळीच्या प्रत्येक जोडावर टिचकी मारून आम्ही अडकलेली हवा काढतो. रक्त पातळ करणारी इंजेक्शने चालू असल्यास तेही आधीच सांगा, कारण पूर्ण उपचाराच्या मात्रेनंतर पाठीत सुई घालण्यापूर्वी किमान 24 तास थांबावे लागते.

उत्तर २ (प्रसूती विभागातील परिचारिका) :
बाळ बाहेर आल्यावर गर्भाशय आकसते आणि तिथले रक्त एकदम हृदयाकडे परतते, त्यामुळे पुढचे दोन-तीन दिवस जोखमीचेच असतात. गर्भाशय आकसवणारे ऑक्सिटोसिन हे औषधही झटक्यात न देता संथ गतीने द्यावे लागते. बाळंतीण उठून बसली की नातेवाईक घरी नेण्याची घाई करतात. कृपया तसे करू नका.

प्रश्नकर्ती :
मनःपूर्वक आभार. प्रसूती तालुक्यातच करता येईल का?

भूलतज्ज्ञ :
नाही. हृदयरोगतज्ज्ञ, अतिदक्षता विभाग आणि रक्तपेढी जिथे एकत्र आहेत, अशाच ठिकाणी करा. वार खाली असल्याने अवेळी रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून तारखेची वाट न पाहता, डॉक्टरांना विचारून, तिला आधीच कोल्हापुरात नातलगांकडे ठेवा आणि जुन्या शस्त्रक्रियेचे कागद घेऊन याच आठवड्यात भूलतज्ज्ञांना दाखवा.