दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला शिक्षा वाढवावी का?

अबोली
चार वर्षं झाली. रात्री साडेदहाला माझ्या दादाला एका गाडीनं मागून उडवलं. चालक प्यायलेला आहे हे जमलेल्या प्रत्येकाला वासावरूनच कळलं होतं. दादाचं हेल्मेट मुद्देमाल म्हणून जमा झालं, ते अजून परत मिळालेलं नाही. एकदा कोर्टात टेबलावर ठेवलेलं पाहिलं. दोरीला लाखेचं सील, आणि हनुवटीला टोचू नये म्हणून त्यानं पट्ट्याला गुंडाळलेली सुती चिंधी तशीच. चालकावर 'निष्काळजीपणामुळे मृत्यू' एवढाच गुन्हा लागला. तो जामिनावर आहे. गाडी चालवतो.

मला सांगा, हा 'निष्काळजीपणा' कसा? प्यायल्यावर भान सुटलं असेल, कबूल. पण प्यायला निघताना त्यानं गाडी बाहेर काढली तेव्हा तो पूर्ण शुद्धीत होता. परत कसं यायचं, हे तेव्हाच ठरलं. म्हणून माझं म्हणणं : पहिल्यांदा सापडला की वर्षभर परवाना रद्द, दुसऱ्यांदा कायमचा. आणि कुणाचा जीव गेला तर सदोष मनुष्यवधच लावा.

काळीशाई
अबोलीताई, तुमच्या दुःखापुढे वाद घालणं जड जातं, पण मी वकिली करतो आणि मला हे पटत नाही. शिक्षेच्या आकड्याला माणूस घाबरत नाही, पकडलं जाण्याला घाबरतो. इटालियन विचारवंत बेक्कारियानं 1764 मध्येच हे लिहून ठेवलंय. स्कॉटलंडनं डिसेंबर 2014 मध्ये रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा 100 मिलीला 80 मिलिग्रॅमवरून 50 वर आणली. पुढच्या दोन वर्षांचा अभ्यास झाला, तर अपघात घटलेले दिसले नाहीत. कायदा कडक झाला, पण रस्त्यावरची तपासणी त्या प्रमाणात वाढली नाही, हे त्याचं एक संभाव्य कारण.

याउलट ऑस्ट्रेलियातलं न्यू साउथ वेल्स राज्य. तिथं डिसेंबर 1982 पासून कुणालाही, संशय नसतानाही, थांबवून नळीत फुंकायला लावू लागले. रस्त्यावरचे मृत्यू ठळकपणे घटले. जन्मठेपेची भीती घालावी लागली नाही. आज रात्री आपल्याला अडवतील, एवढी धास्ती पुरली.

अबोली
मग जपानचं काय? 2006 मध्ये फुकुओकाला प्यायलेल्या चालकानं मागून धडक दिली, गाडी पुलावरून पाण्यात पडली, तीन भावंडं गेली. पुढच्याच वर्षी कायदा बदलला. चालकाची शिक्षा वाढलीच, शिवाय त्याला दारू देणारा, गाडी देणारा आणि माहीत असून शेजारी बसणारा, सगळे गुन्हेगार ठरले. दादाला मारणाऱ्याच्या गाडीत आणखी दोघं होते. दोघंही साक्षीदार म्हणून येतात आणि 'आठवत नाही' म्हणतात.

काळीशाई
शेजारी बसणाऱ्याचा मुद्दा मान्य. पण त्याच खटल्यात पुढे काय झालं तेही बघा. तो चालक पळाला, आणि मित्राकडून पाणी मागवून घटाघटा प्यायला, तपासणीत कमी दिसावं म्हणून. खालच्या कोर्टानं साडेसात वर्षं दिली, कारण नशेमुळे गाडी ताब्यात ठेवणं अशक्य झालं होतं, हे त्यांना सिद्ध झालेलं वाटलं नाही. वरच्या कोर्टात वीस वर्षं झाली. शिक्षा जेवढी मोठी, तेवढा पुरावा भक्कम लागतो आणि तेवढाच पळण्याचा मोहही वाढतो. जखमी माणूस रस्त्यावर पडलेला असताना चालकानं पळणं कुणाला परवडेल?

रात्रपाळी
अपघात विभागात नर्स आहे म्हणून लिहितेय. यकृत तासाला 100 मिली रक्तामागे साधारण 15 मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल उतरवतं, माणसागणिक कमीजास्त. कॉफी, लिंबूपाणी, थंड आंघोळ, कशानंही तो वेग वाढत नाही. म्हणजे चार तास उशिरा रक्त घेतलं तर 90 चे 30 झालेले असतात. मी स्वतः नमुन्याच्या बाटलीवर वेळ लिहिताना पाहिलंय की अपघात आठचा आणि बाटलीवर साडेबारा. उशीर आरोपीच्या पथ्यावर पडतो.

वकीलसाहेब, पळतील म्हणून शिक्षा कमी ठेवायची, हे उलटं झालं. जपाननं 2013 च्या कायद्यात नशा लपवण्यासाठी पळणं किंवा मागाहून पिणं हाच वेगळा मोठा गुन्हा केला. भोक बुजवायचं असतं. अबोलीच्या बाजूनं माझं मत.

नववाट
हे लिहायला धीर गोळा करावा लागला. मी दोनदा सापडलोय. पहिल्यांदा दंड भरला, विसरलो. दुसऱ्यांदा परवाना गेला, तर सहा महिने बिनपरवाना चालवली. पिऊनच. तुरुंगाची मला पर्वा नव्हती, कारण संध्याकाळच्या पुढचं काही दिसतच नव्हतं.

थांबवलं ते गाडीत बसवलेल्या लॉकनं. फुंकल्याशिवाय इंजिन चालू होत नाही, वाटेतही मध्येच पुन्हा फुंकायला लावतं. पहिल्या आठवड्यात सकाळी सातला, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलो आणि गाडी चालू होईना. रात्रीची उतरलीच नव्हती. मला वाटलेलं मी शुद्धीवर आहे. लॉक काढलं की बरेच जण पुन्हा तेच करतात हेही खरं, म्हणून त्यासोबत व्यसनमुक्तीचे उपचार सक्तीचे हवेत. अबोलीताई, तुमची माफी मागायचा मला हक्क नाही. पण शिक्षा वाढवून माझ्यासारखा थांबला नसता.

अबोली
नववाट, तुमचं दोनदा वाचलं. लॉक पहिल्याच गुन्ह्याला बसवा, नाकाबंदी रोज करा, नमुना तासाभरात घ्या, हे सगळं माझ्या मागणीत जोडते. परवान्याचंही सोडून देते, बिनपरवाना चालवणारे चालवतातच हे तुम्हीच सांगितलंत.

पण मृत्यूच्या कलमावर मी मागे हटणार नाही. ते पुढच्याला धाक बसावा म्हणून मागतच नाहीये मी, काळीशाई. आईला दर तारखेला तो शब्द ऐकावा लागतो, 'निष्काळजीपणा'. ती घरी येऊन विचारते, म्हणजे कप फुटतो तसं का गं? तिला काय उत्तर देऊ ते तुम्ही सांगा.

काळीशाई
उत्तर नाही माझ्याकडे. रक्ताचा नमुना अपघातानंतर किती वेळानं घेतला, हे कागदांत आहे का? असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा, पुढच्या तारखेआधी बघून देतो.