माळ्यावरच्या ट्रंकेतले मोडी कागद, फोटो, कॅसेट : कशात साठवून ठेवू?

खानापूर_तालुका :
नमस्कार मंडळी. गावाकडचं जुनं घर उतरवायला काढलंय, माळा रिकामा करताना आजोबांची पत्र्याची ट्रंक सापडली. आत मोडीतले साठेक कागद आहेत, काही घडीवर चिरलेत, शिवाय त्यांची १९५६ ची डायरी, शंभरभर फोटो आणि दोन कॅसेट, त्यात आज्जी जात्यावरच्या ओव्या म्हणतीय. डायरीत १७ जानेवारीच्या पानावर बेळगावातल्या सीमाआंदोलनावरच्या गोळीबाराबद्दल चारच ओळी आहेत, दरवर्षी हुतात्मा दिनाला जातो पण घरातल्या माणसाच्या अक्षरात ते पहिल्यांदाच वाचलं आणि बराच वेळ तिथंच बसून राहिलो.
आता पुण्या-बेंगळूरची सगळी भावंडं म्हणतायत की फोटो काढ आणि ग्रुपवर टाक, झालं. मला ते पटत नाही. तीन वर्षांमागं घरातले सगळे लग्नाचे फोटो एकाच हार्डडिस्कवर होते, ती एक दिवस टकटक वाजायला लागली आणि गेली ती गेलीच. आमच्याकडचा पाऊस तर तुम्हाला ठाऊक आहे, श्रावण संपेपर्यंत कपाटातल्या चपलांना पण बुरशी. मग हार्डडिस्क, पेनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह, डीव्हीडी, यातलं नेमकं काय घेऊ? नातवंडांपर्यंत टिकायला पाहिजे.

टिळकवाडीचा_पोरगा :
दादा, यातलं एकच काही घेतलासा तर परत तेच होणार. तीन प्रती करा, त्यातल्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि एक घराबाहेर. मी आमच्या घरच्या कागदांचं असंच केलो, दोन हार्डडिस्क (मुद्दाम वेगळ्या कंपनीच्या, एकदम घेतलेल्या एका लॉटच्या नकोत) आणि एक प्रत क्लाउडवर. पेनड्राइव्ह फक्त इकडून तिकडं न्यायला वापरा. त्यात आणि एसएसडीत (फिरती चकती नसलेली डिस्क) डेटा विजेच्या चार्जवर टिकतो, वर्षानुवर्षं तसंच कपाटात ठेवलं की चार्ज हळूहळू उतरतो. फिरणारी हार्डडिस्क पण नुसती गुंडाळून ठेवू नका, सहा महिन्यांनी एकदा लावून चार-पाच फायली उघडून बघा आणि पाचेक वर्षांनी नवीनवर कॉपी करून घ्या. डीव्हीडीच्या नादाला लागू नका, आताच्या लॅपटॉपला ड्राइव्हच येत नाही.
गूगलचं १५ जीबी फुकट मिळतं पण त्यात मेल, फोटो सगळं धरून १५. फोटो अमर्याद फुकट ठेवायची सोय १ जून २०२१ ला बंद झाली. आणि महत्त्वाचं म्हणजे दोन वर्षं अकाउंट कुणी उघडलंच नाही तर गूगल ते पुसू शकतं, त्यामुळं सेटिंगमध्ये जाऊन आपल्यानंतर डेटा कुणाला द्यायचा त्या माणसाचा मेल आत्ताच घालून ठेवा.
साइजचा हिशोब सांगतो, ए-फोर कागद ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) रंगीत टिफमध्ये (न आकसलेली फोटोची फाईल) स्कॅन केला की एका बाजूचे साधारण १०० एमबी होतात. साठ कागद दोन्ही बाजूंनी म्हणजे १२ जीबी. ३०० डीपीआयला पाव, म्हणजे ३ जीबी. एवढ्यासाठी मोठी डिस्क पण लागत नाही हो. लहान फोटो मात्र ६०० लाच करा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की ते आकसून जातं, पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

निपाणीचे_गुरुजी :
मोडी आहे म्हणून राहवलं नाही. पहिलं म्हणजे चिरलेल्या घडीवर सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात नको, दोन्हीनं कागद कायमचा जातो. मोडीचे कागद लांबट असतात, स्कॅनरवर बसत नाहीत, म्हणून दाबून बसवू नका, खिडकीजवळ सपाट ठेवून फ्लॅश बंद करून मोबाईलनं तुकड्यातुकड्यानं फोटो काढा, प्रत्येक फोटोत आधीच्याचा थोडा भाग यायला हवा आणि शेजारी पट्टी ठेवा म्हणजे आकार कळतो. झाल्यावर मूळ कागद धुतलेल्या सुती कापडात बांधा. जुन्या दप्तरांचे रुमाल असेच असायचे, त्यात हवा खेळते, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतो.
दुसरं माझ्या चुकीतून सांगतो. २००३ साली मी आमचा कुलवृत्तांत त्या वेळच्या डीटीपी फॉन्टमध्ये टाईप करून घेतला, दोन सुट्ट्या त्यात गेल्या. आज फाईल उघडते, एक अक्षर खराब झालेलं नाही, पण तो फॉन्ट नाही म्हणून नुसती चिन्हं दिसतात. म्हणून मोडीचं बाळबोध (देवनागरी) कराल ते युनिकोडमध्येच (कुठल्याही कॉम्प्युटरवर दिसणाऱ्या अक्षरांत) करा आणि पीडीएफसोबत साधी टेक्स्ट फाईल पण ठेवा. फायलीला नाव देताना आधी साल घाला. कागदावर शक असेल तर ७८ मिळवा, फसली (जुन्या महसुली कागदांवरचं साल) असेल तर ५९०, म्हणजे अंदाजे इंग्रजी साल येतं, पण मूळ आकडा पण लिहून ठेवा.
आडनावाचं पण बघा. आत्ताचा जमिनीचा उतारा कन्नडात निघतो, त्यात आडनाव वेगळंच उमटलेलं असतं, मोडीत तिसरंच. तिन्ही रूपं एका पानावर लिहा, नाहीतर इंग्रजी शाळेत शिकलेल्या नातवाला ही एकाच घरातली माणसं आहेत हे कळणारच नाही.

कृष्णाकाठची :
चिक्कोडी तालुक्यातून. आमच्या पण दोन प्रती होत्या की. एक कपाटात, एक दिवाणात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये घरात छातीएवढं पाणी आलं आणि दोन्ही एकाच दिवशी गेल्या, अल्बम तर पानं चिकटून लगदा झाला. वाचलं ते फक्त साताऱ्याच्या नणंदेकडं होतं, तिनं कधीतरी हौसेनं कॉपी करून नेलेलं, सासऱ्यांचा एकुलता एक फोटो त्यातच मिळाला. म्हणून दादा, घराबाहेर म्हणजे शेजारी नव्हं, दुसऱ्या गावात. लेकीकडं, बहिणीकडं, दर दिवाळीला डिस्क बदलून न्यायची.
कॅसेट सगळ्यात आधी करा, कागद थांबतील पण टेप थांबत नाही. दिसेल त्या जुन्या टेपरेकॉर्डरला घालू नका, टेपवर पांढरी बुरशी दिसली तर चालवूच नका, माहितगाराकडं द्या. चांगल्या डेकवरून (कॅसेट वाजवायचं यंत्र) वायरनं कॉम्प्युटरला घ्या, डब्ल्यूएव्ही फाईल (न आकसलेला आवाज) ठेवा, ऐकायला एमपीथ्री वेगळी. आज्जीच्या ओव्या कागदावर पण उतरवून घ्या, कुठल्या ओवीत कुणाचं नाव आलंय ते आत्ता घरात कुणीतरी सांगू शकेल.

खानापूर_तालुका :
सगळ्यांचे मनापासून आभार. डेक मिळालाय, रविवारी आधी कॅसेट. एक विचारायचं राहिलं, मोडीत जमिनीचे कागद पण आहेत, पुण्याचा चुलतभाऊ म्हणतोय सगळं इंटरनेटवर उघडं ठेवू म्हणजे कायमचं राहील.

निपाणीचे_गुरुजी :
डायरी आणि ओव्या घरच्यांना विचारून जरूर ठेवा, लोकांच्या उपयोगी पडतील. जमिनीचे, वाटणीचे कागद आणि हयात माणसांची माहिती मात्र घरातच राहू दे, त्यात दुसऱ्या घरांची पण नावं असतात. मोडी वाचताना अडलात तर साधी वाक्यं इथं टाका, जमेल तेवढं लावून देतो.

खानापूर_तालुका :
गुरुजी, टाकतो. पहिल्याच कागदात एका बाईचं नाव आहे असं वाटतंय, आमच्या वंशावळीत तर एकाही बाईचं नाव नाही.