प्रसादाचा शिरा आणि घरातला कुत्रा

सत्यनारायणाला आलेल्या पाहुण्यांनी कुत्र्याला शिरा भरवला, आता काय करायचं, असा प्रश्न आहे. आधी शिऱ्यात बेदाणे होते का ते बघा. बेदाणे, मनुका, द्राक्षं यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर होईल याचा भरवसा नाही. एखाद्याला मूठभर पचतात, दुसऱ्याला चार-पाच भोवतात. म्हणून उलटी, सुस्ती दिसायची वाट पाहू नका. लगेच जनावरांच्या डॉक्टरांना फोन करा. साधारण दोन तासांच्या आत त्यांनी उलटी करवली तर बराच धोका टळतो. घरी मिठाचं पाणी मुळीच पाजू नका, रक्तातलं सोडियम वाढून वेगळंच संकट उभं राहतं.

बेदाणे नसतील तर विषाची भीती नाही, पण तूप-साखर आहेच. १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात, जेवणावरचं वरचं खाणं त्याच्या दहा टक्क्यांत बसायला हवं. म्हणजे शिरा जेमतेम एक मोठा चमचा! दहा पाहुण्यांनी एकेक घास दिला की हिशोब संपला. जास्त तुपाने स्वादुपिंडाला सूज येते ती वेगळीच.

पंगतीतली भाजी-आमटीही नको. कांदा-लसूण शिजवला तरी त्याचा रक्तातल्या तांबड्या पेशींवरचा घातक परिणाम जात नाही, आणि लक्षणं दोन-चार दिवसांनी दिसतात. मांजरांना तर त्याहून कमी कांदा-लसूणही बाधतो.

पाहुण्यांना नाही म्हणवत नसेल तर उकडलेल्या लाल भोपळ्याच्या बिनमिठाच्या फोडी वाटीत काढून ठेवा, त्याच भरवू द्या.